तीन सूत

सोमवारी दुपारी साइटवरच्या मुख्य मिस्त्रींनी, अण्णांनी, आमच्या रोबोच्या ऑपरेटरला सांगितलं, "पुण्याला कळवा, दुपारची रेघ तीन सुतानं गेलीय." ऑपरेटरनं फोन लावला. पुण्यातल्या मदत कक्षातल्या मुलानं तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: फरक ३ मिलिमीटर. रेघा मारणाऱ्या आमच्या रोबोची मान्य मर्यादाही ३ मिलिमीटरच होती. तक्रार मर्यादेत बसली आणि पंधरा मिनिटांत बंद झाली.

गवंड्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पुढच्या आठ दिवसांत जे घडलं त्याची सुरुवात इथे आहे.

बांधकामाच्या स्लॅबवर भिंतींच्या रेघा मारणारा रोबो बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी सॉफ्टवेअर विभाग सांभाळते. माझी माणसं पुण्यात बसतात. ही साइट सोलापूरची, होटगी रोडच्या बाजूची, तळमजला अधिक चार मजले, लहान घरांची योजना. मी स्वतः सोलापूरची. साखर पेठेत वडिलांचे चार माग होते, त्यामुळे सूत हा शब्द आमच्या घरात रोजचाच, पण तो सुताच्या भावाचा. ती बंद झालेली तक्रार आठवड्याच्या यादीत माझ्याही नजरेखालून गेली होती. आकडा मर्यादेत होता, मी पुढची ओळ वाचली. त्यामुळे मदत कक्षातल्या मुलाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही.

काम काय असतं

लाइनआउट म्हणजे नकाशावरची भिंत स्लॅबवर उतरवणं. गवंडी कॉलमपासून टेप धरतो, खुणा करतो, रंगाची दोरी ताणून सोडतो, गुण्या लावून काटकोन बघतो, कर्ण मोजून खोली तपासतो. काटकोनासाठीचा ३-४-५ चा हिशेब त्याच्या हातात बसलेला असतो. आमचा रोबो हेच काम शाईनं करतो. तो चाकांवर फिरतो आणि त्याच्या डोक्यावर प्रकाश परत फेकणारं एक प्रिझम असतं. स्लॅबच्या एका टोकाला स्टँडवर टोटल स्टेशन, म्हणजे लेझरनं अंतर आणि कोन मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र, उभं असतं. ते त्या प्रिझमकडे सतत बघतं आणि रोबोला तो कुठे आहे ते सांगत राहतं. चाकांनी मोजलेलं अंतर आणि टोटल स्टेशननं सांगितलेली जागा यांचा मेळ घालून सॉफ्टवेअर रेघ कुठे मारायची ते ठरवतं. ही कल्पना आमची नाही. अमेरिकेत डस्टी रोबोटिक्स हेच करते, एचपीनंही २०२२ मध्ये साइटप्रिंट नावाचं असं यंत्र जाहीर केलं. आम्हाला ते इथल्या स्लॅबवर, इथल्या उन्हात आणि इथल्या किमतीत चालवायचं होतं.

सोलापूर निवडण्याचं कारण साधं होतं. इथे एकाच नकाशाची लहान घरं मोठ्या संख्येनं बांधली जातात. कुंभारीच्या रे नगरमध्ये ३०,००० घरांची योजना आहे. त्यातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच वेचणारी माणसं अशा कुटुंबांच्या हाती आली. आमची साइट वेगळी होती, पण घराचं माप त्याच जातीचं. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल गटासाठी चटई क्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती. एवढ्या घरात एक सेंटिमीटर कुठे गेला ते लगेच दिसतं. संडासाच्या दाराची चौकट बसत नाही, ओट्याची कडप्पा फरशी कापावी लागते, दोन घरांमधली भिंत सरकली तर एका कुटुंबाच्या खोलीतली जागा दुसऱ्याकडे जाते. मोठ्या बंगल्यात कुणी हे मोजतही नाही. म्हणून ३ मिलिमीटरची मर्यादा मी सुरुवातीला हट्टानं ठरवली होती.

शुक्रवारची दुरुस्ती

गुरुवारी पुन्हा तक्रार आली, या वेळी फोटोसकट. रेघेशेजारी टेप धरलेली, फरक उघड दिसत होता. पुण्यात आम्ही रोबोनं ठेवलेल्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडले. रोबोची स्वतःच्या जागेबद्दलची समजूत, चाकांचं मोजमाप, टोटल स्टेशनचं मोजमाप, सगळं होतं. चाकांचं मोजमाप दुपारी जास्त हेलकावे खात होतं. एप्रिलचा दुसरा आठवडा, पारा ४० च्या वर, स्लॅबवर वाळू आणि सिमेंटची बारीक धूळ. चाकं घसरत असणार, असं माझ्या सहकाऱ्यानं मांडलं आणि मला ते पटलं. उपायही सुटसुटीत होता: चाकांवरचा भरवसा कमी करायचा, टोटल स्टेशनवरचा वाढवायचा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला नवी आवृत्ती साइटवर गेली. मंजुरी माझी होती.

शनिवारी रेघा सुंदर आल्या. आधीची बारीक थरथर गेली होती. साइट इंजिनिअर खूश झाले आणि त्यांनी टेप लावून तपासणं थांबवलं. दुपारच्या रेघांवर रविवारी सकाळी ब्लॉकचे पहिले तीन थर चढले, इमारतीच्या पूर्वेकडच्या टोकाच्या तीन घरांत.

सोमवारी चौकटी बसेनात.

आम्ही केलं होतं ते असं: चुकत होतं टोटल स्टेशन आणि आम्ही त्याचाच शब्द अंतिम केला. चाकं बिचारी थोडी डगमगत होती, पण त्यांचं ऐकून रेघ निदान संशयास्पद तरी दिसत होती. दुरुस्तीनंतर रेघ सरळ आणि ठाम झाली, चूक मात्र होती तेवढीच राहिली. लॉगमध्ये हे दिसलं नाही कारण ते मोजलंच जात नव्हतं. टोटल स्टेशन सकाळी सातला चार कॉलमवर चिकटवलेल्या खुणांकडे बघून स्वतःची जागा आणि दिशा ठरवत असे. त्यानंतर दिवसभर ते त्या खुणांकडे पुन्हा वळत नसे. सकाळचं उत्तर दुपारीही खरं आहे असं आमच्या कोडनं गृहीत धरलं होतं. ती ओळ दीड वर्षापूर्वी लिहिलेली होती, पुण्यातल्या सावलीच्या गोदामात चाचण्या करताना, आणि तिथे ती कधीच चुकली नव्हती.

तीन घरांचे तीन थर काढले. ब्लॉक वाचले, सिमेंट वाया गेलं. गवंड्यांची आणि हाताखालच्या बायांची दोन दिवसांची मजुरी कंपनीनं दिली. पण स्वतः चढवलेली भिंत दुसऱ्याच्या चुकीसाठी उतरवताना माणसाला काय वाटतं ते मी मंगळवारी समोर उभी राहून पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

स्लॅबवरचा एक दिवस

सोमवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी निघाले होते. मंगळवारी सकाळी साडेसहाला साइटवर पोचले तेव्हा अण्णा आधीच आलेले. अण्णा घरात तेलुगू बोलतात, साइटवर मराठी, हाताखालच्या निम्म्या माणसांशी कन्नड. मी लॅपटॉप काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, सकाळची रेघ बघा की, एकदम बरोब्बर. जेवण करून आलो की लांबची रेघ तोंड फिरवून बसतीय. जवळची न्हाई फिरत."

रोगाचं पूर्ण निदान या तीन वाक्यांत होतं. चाक घसरलं तर चूक कुठेही, कशीही येईल. जवळ कमी आणि लांब जास्त, तेही एकाच बाजूला, असं फक्त एकाच गोष्टीनं होतं: बघणाऱ्याचं तोंड फिरल्यानं. हे बोलणं पहिल्याच सोमवारी कुणी जसंच्या तसं लिहून घेतलं असतं, तर माझ्या संघातल्या कुणालाही ते दहा मिनिटांत उमगलं असतं. आमच्या तक्रारीच्या अर्जात वाक्यासाठी जागाच नव्हती. आकड्याचा रकाना होता, तीव्रतेचा होता, आवृत्तीचा होता.

त्या दिवशी रोबो बंद ठेवला. आमच्या सर्वेअर मुलीनं दर अर्ध्या तासाला चारही खुणा पुन्हा मोजल्या आणि वहीत लिहिल्या. सकाळी सातला सगळ्यात लांबच्या, ३४ मीटरवरच्या खुणेशी फरक १ मिलिमीटरच्या आत. अकराला ३. एकला ६. तीनला १०. त्याच वेळी ८ मीटरवरच्या खुणेशी फरक जेमतेम २. फरकाची दिशा दिवसभर तीच. एका अंशाचा साठावा भाग एवढं यंत्राचं तोंड फिरलं तर ३४ मीटरवर रेघ जवळपास १० मिलिमीटर सरकते आणि ८ मीटरवर सव्वादोन. वहीतले आकडे या हिशेबाशी जुळत होते.

तोंड फिरत होतं स्टँडमुळे. टोटल स्टेशन किंचित कललं तर आतली यंत्रणा ते ओळखते आणि हिशेबात दुरुस्ती करते. उभ्या आसाभोवती ते फिरलं तर मात्र त्याला स्वतःला कळण्याचा मार्ग नाही. आमचा स्टँड ॲल्युमिनियमचा होता. दोन पाय उन्हात, एक जिन्याच्या कॉलमच्या सावलीत. पाय असमान तापले, सांधे ताणले गेले आणि वरचं डोकं हळूहळू वळत गेलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. जुने सर्वेअर लाकडी स्टँड आणि छत्री का वापरायचे ते आमच्या सर्वेअर मुलीला माहीत होतं. स्टँड खरेदी करताना तिनं ते सांगितलंही होतं. लाकडी स्टँड जिन्यानं वर चढवायला जड पडतो म्हणून आम्ही हलका घेतला. त्या बैठकीत मी होते.

बुधवारी भाजीवाल्याकडे असते तसली मोठी छत्री आणली, स्टँडच्या पायांना ओलं गोणपाट गुंडाळलं. गोणपाट साइटवर होतंच. उन्हाळ्यात इथे क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याला, जास्त दिवस द्यावे लागतात, काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ कोरड्या-उष्ण हवेसाठी किमान १० दिवस सांगतं, आणि टँकरचं पाणी पुरवून वापरायचं तर गोणपाटाशिवाय भागत नाही. तीन वाजता लांबच्या खुणेशी फरक ४ मिलिमीटर. दहाचे चार झाले, पण चारही मर्यादेबाहेरच होते.

उरलेले चार मिलिमीटर

इथे खरा वाद झाला आणि मला तो सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा भाग वाटतो.

अण्णांनी स्लॅबवर पोलादी टेप टाकली आणि दुपारी तीनला दोन टोकांच्या कॉलममधलं अंतर मोजलं. सकाळी जेवढं भरलं होतं तेवढंच भरलं. टोटल स्टेशनचं लेझर मात्र म्हणत होतं की अंतर ४ मिलिमीटरनं वाढलंय. माझ्या सहकाऱ्याचा लेझरवर पूर्ण विश्वास, अण्णांचा टेपवर. दोघं एकमेकांकडे बघत उभे.

दोघंही बरोबर होते. तापमानाच्या एका अंशाला काँक्रीट दर दहा लाखांत सुमारे १० भाग वाढतं, पोलाद सुमारे १२. या दोघांची वाढ इतकी जवळची आहे म्हणून तर सळई आणि काँक्रीट एकत्र टिकतात, आरसीसी उभं राहतं. ३४ मीटरचा स्लॅब सरासरी १२ अंशांनी तापला की तो ४ मिलिमीटर लांबतो. त्याच स्लॅबवर पडून तापलेली टेपही जवळपास तेवढीच लांबते, त्यामुळे तिला वाढ दिसत नाही. लेझरचा प्रकाश तापून लांबत नाही. हवेच्या तापमानाचा त्याच्यावर परिणाम होतो, पण अंशाला दहा लाखांत एकाच्या आसपास, म्हणजे या अंतरावर नगण्य.

मग रेघ कुणाच्या मापानं मारायची? भिंत स्लॅबवर उभी राहणार, रात्री स्लॅब आकसणार, भिंतीची जागा कॉलमच्या संदर्भात ठरणार. तापलेल्या इमारतीवर तापलेल्या टेपनं मारलेली रेघ थंड इमारतीवर आपोआप जागेवर येते. गवंड्यांची पद्धत इमारतीसोबत श्वास घेते. आमची पद्धत अवकाशात काटेकोर होती आणि इमारतीच्या बाबतीत चुकत होती.

सहकाऱ्यानं सुचवलं की स्लॅबचं तापमान मोजून सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण बदलू या. मी नको म्हटलं. स्लॅबचा वरचा पृष्ठभाग आणि आतला भाग वेगवेगळे तापतात, ओलं गोणपाट असलेला भाग आणखी वेगळा, कॉलम स्लॅबला धरून ठेवतात तो भाग आणखी निराळा. तापमापकाच्या एका आकड्यावरून आम्ही रेघा हलवल्या असत्या तर शुक्रवारचीच चूक नव्या रूपात केली असती. त्याऐवजी दोन साध्या गोष्टी ठरवल्या. प्रत्येक घराच्या रेघा त्या घराच्या जवळच्या कॉलमना बांधायच्या, ३४ मीटर पलीकडच्या खुणेला नाही. आणि उन्हाळ्यात काम पहाटे साडेपाच ते साडेदहा, नंतर बंद. दुसऱ्या निर्णयात कोडची एकही ओळ नाही. सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुखानं कामाच्या वेळा का ठरवाव्यात, असं कंपनीत विचारलं गेलं. माझं उत्तर होतं की यंत्र कोणत्या परिस्थितीत खरं बोलतं ते ज्याला माहीत आहे त्यानंच ते सांगायला हवं.

थांबणारं यंत्र

पुढचा बदल जास्त भांडणाचा ठरला. नव्या आवृत्तीत टोटल स्टेशन दर वीस मिनिटांनी आणि प्रत्येक नव्या घराआधी किमान दोन खुणा पुन्हा बघतं. फरक एका सुताच्या वर गेला की रोबो रेघ मारणं थांबवतो आणि पुन्हा जुळवणी झाल्याशिवाय पुढे जात नाही. (हे थांबणं आणि लाल बटणाचं थांबणं वेगळं. लाल बटण तारेतूनच मोटरची वीज तोडतं, ते आमच्या कोडमधून जात नाही आणि जाऊही नये.)

विक्रीचे प्रमुख म्हणाले, "ग्राहकासमोर यंत्र थांबलं तर तो म्हणणार, बिघडलं. दहा मिनिटं चालू द्या, पडद्यावर पिवळी सूचना दाखवा." त्यांची अडचण खरी होती. साइटवरच्या प्रात्यक्षिकात थांबलेला रोबो वाईट दिसतो आणि आमच्या पगारांचा पैसा त्याच प्रात्यक्षिकांतून येतो.

मी त्यांना वडिलांच्या मागाबद्दल सांगितलं. यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा एका बारीक काट्याला टेकतो. धागा तुटला की काट्याला काही लागत नाही आणि माग तिथल्या तिथे थांबतो. कामगार येतो, धागा जोडतो, माग पुन्हा सुरू. थांबणारा माग बिघडलेला आहे असं सोलापुरात कुणी म्हणत नाही. न थांबता धाग्याशिवाय चालत राहणारा माग बिघडलेला, कारण त्यातून निघालेली चादर कुणी घेत नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर मी मागांच्या आवाजात अभ्यास करायची आणि चारपैकी एक आवाज गेला की वडील न बघता उठायचे.

ते लगेच पटले असं नाही. त्यांनी एक अट घातली: थांबल्यावर यंत्रानं कारण सांगितलं पाहिजे, साइटवरच्या माणसाला कळेल अशा शब्दांत. ती अट आमच्या यादीतल्या कितीतरी गोष्टींपेक्षा चांगली होती. पूर्वी पडद्यावर त्रुटीचा क्रमांक यायचा. आता येतं: "पूर्वेकडची खूण दोन सुतानं हललेली दिसते. स्टँड बघा, मग पुन्हा जुळवा."

अण्णांनी त्यात भर घातली. टॅबलेट ऑपरेटरच्या हातात असतो, गवंड्याला तो दिसत नाही. म्हणून रोबो आता प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या जागी लहान अक्षरांत शाईनं लिहितो: वेळ आणि शेवटच्या तपासणीतला फरक, सुतात. "सकाळी ७:४०, पाव सूत." गवंडी ते वाचतो आणि मगच पहिला थर लावतो. मिलिमीटरचा आकडा लॉगमध्ये जातो.

पुण्यातल्या कामातही बदल झाले. संध्याकाळी साइटवर काही पाठवायचं नाही. नवी आवृत्ती गेली की ती लिहिणाऱ्यांपैकी एकानं पहिला पूर्ण दिवस स्लॅबवर उभं राहायचं. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचं बटण ऑपरेटरच्या हाती, पुण्याची परवानगी न विचारता. तक्रारीच्या अर्जात पहिला रकाना बोलणाऱ्याच्या स्वतःच्या वाक्याचा, त्याच्याच भाषेत, आणि आकडा त्यानंतर, एककासकट.

याची किंमत पडली. रोज सहा घरांच्या रेघा व्हायच्या, पहिल्या आठवड्यांत त्या चारवर आल्या. एका हुशार मुलानं स्लॅबवर उभं राहण्याच्या अटीमुळे नोकरी सोडली. तो चांगला प्रोग्रामर होता आणि मला त्याचं जाणं अजून लागतं. तरी ती अट मी काढलेली नाही.

पुढची इमारत जवळपास ५० मीटर लांबीची आहे. ४५ मीटरच्या वर इमारतीत प्रसरण जोड ठेवायला आयएस ४५६ सांगतं, त्यामुळे तिचे दोन भाग उन्हात वेगवेगळे सरकणार आणि जोडावरच्या घरांचे काही कॉलम एका भागात, काही दुसऱ्या भागात असणार. गेल्या आठवड्यात नकाशा स्लॅबवर पसरून बसलो होतो तेव्हा अण्णांनी बोट ठेवून विचारलं, "हितं कुठला कॉलम धरणार, अल्याडचा की पल्याडचा?" आमच्या कोडमध्ये याचं उत्तर नाही. सर्वेअर मुलीनं जोडाच्या दोन्ही बाजूंना खुणा लावल्या आहेत, आणि सोमवारपासून ती पहाटे आणि दुपारी त्यांच्यातलं अंतर वहीत लिहिते आहे.